बटाट्याच्या वासाचा एक दाणा: किवू सरोवराकाठच्या एका कॉफी केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रवांडाच्या पश्चिम भागात, किवू सरोवराकडे उतरणाऱ्या डोंगरावरील एका सहकारी कॉफी धुलाई केंद्राचे आहे. काळ 2024 आणि 2025 या दोन हंगामांचा आहे. केंद्राची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचे, गावाचे आणि खरेदीदाराचे नाव दिलेले नाही, तसेच संस्थेच्या हिशेबाचे आकडेही वगळले आहेत. जे आकडे आले आहेत ते सर्वांना ठाऊक असलेले आहेत.

किवू सरोवराचे पाणीच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,460 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे त्याच्या काठची कॉफी त्याहून वरच्या उतारांवर, काही ठिकाणी 2,000 मीटरच्या आसपास पिकते. झाडे अरेबिकाची, मुख्यतः बोर्बाँ वाणाची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन मिशनऱ्यांनी नैर्ऋत्येच्या मिबिरिझी येथे कॉफी लावली आणि 1930 च्या दशकात बेल्जियन राजवटीने ती शेतकऱ्यांवर सक्तीने लादली. सक्तीचे पीक प्रेमाने जोपासले जात नाही, आणि पुढची अनेक दशके येथील कॉफी घरच्या घरी दगडावर सोलून, कशीबशी वाळवून, हलक्या प्रतीचा माल म्हणून विकली गेली. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळल्याने भाव पडले, आणि 1994 च्या तुत्सी वंशसंहाराने माणसे, झाडे आणि विश्वास या तिन्हींची राखरांगोळी केली. चालू शतकाच्या आरंभी देशात धुलाई केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. आज ती 300 हून अधिक आहेत. 2008 मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही कॉफीची स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा भरली ती रवांडातच.

या प्रकरणातील केंद्र त्या उभारीच्या काळातच सुरू झालेले आहे. सभासदांकडे प्रत्येकी काहीशे झाडे असतात, तीही केळी, घेवडा आणि रताळ्यांच्या तुकड्यांमध्ये विखुरलेली. मार्च ते जुलै हा तोडणीचा काळ असतो. लाल फळे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत केंद्रावर यावी लागतात. तेथे ती पाण्यात सोडून तरंगणारी बाजूला काढतात, पल्परमधून साल उतरवतात, दाणे रात्रभर आंबवतात, पन्हळीतून धुतात आणि सावलीच्या छपराखाली निवडून मग उघड्या मांडवांवर दोन-तीन आठवडे वाळवतात. ओलावा 11 ते 12 टक्क्यांवर आला की पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळलेला दाणा, पोत्यांत भरून राजधानी किगालीच्या गिरणीकडे जातो.

येथे एका धोरणाचा उल्लेख अटळ आहे. 2016 पासून प्रत्येक केंद्राला ठरावीक क्षेत्र नेमून दिलेले होते आणि त्या क्षेत्रातील फळे त्याच केंद्राने घ्यायची असा नियम होता. उसाच्या झोनबंदीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला यातील फायदे-तोटे वेगळे सांगायला नकोत. 2024 च्या हंगामापर्यंत ही बंदी उठली होती. केंद्राच्या व्यवस्थापनाने या बदलाची नोंद घेतली होती, पण त्याचा अर्थ त्यांच्या पूर्ण ध्यानात आला नव्हता. पुढे जे घडले त्याचे मूळ बरेचसे येथेच आहे.

अडचण

2024 च्या आरंभी, नवी तोडणी सुरू होण्याच्या थोडे आधी, युरोपातील खरेदीदाराकडून निरोप आला. आदल्या हंगामाचा माल पोहोचल्यावर काढलेल्या नमुन्यात एकाहून अधिक कपांत कच्च्या बटाट्याचा वास आला होता. हा दोष रवांडा, बुरुंडी आणि काँगोच्या पूर्व भागातील कॉफीत प्रामुख्याने आढळतो. कॉफी दळताच सोललेल्या कच्च्या बटाट्याचा दर्प येतो आणि कप वाया जातो. आरोग्याला त्यापासून धोका नसतो, परंतु ज्या ग्राहकाने चढा दर देऊन फुलांच्या आणि संत्र्याच्या सुगंधाची कॉफी मागवली, त्याला हे ऐकवून काही उपयोग नसतो.

या दोषामागे आयसोप्रोपिल मेथॉक्सिपायराझिन या नावाचा पदार्थ असतो, तोच खऱ्या बटाट्यातही असतो. अँटेस्टिया नावाच्या, ढालीच्या आकाराच्या आणि ढेकणाच्या जातकुळीतील किडीने फळाला सोंड खुपसली की पुढे हा दोष उद्भवतो, एवढे पुरेसे स्पष्ट आहे. जखमेतून शिरणारे जिवाणू तो पदार्थ तयार करतात की जखमी झाडच तो निर्माण करते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. केंद्राच्या दृष्टीने खरी पंचाईत निराळीच होती. बाधित दाणा हिरवा, म्हणजे न भाजलेला, असताना डोळ्यांना इतर दाण्यांसारखाच दिसू शकतो, किगालीच्या गिरणीतील रंग ओळखणारे यंत्रही त्याला पकडू शकत नाही, आणि एकच दाणा अख्खा कप बिघडवतो. पोत्यातून नमुना काढून “माल स्वच्छ आहे” असे छातीठोकपणे सांगण्याची सोयच राहत नाही.

माल परत मागवण्याचा प्रश्नच नव्हता. रवांडाला समुद्रकिनारा नाही. दार-ए-सलाम किंवा मोंबासा बंदरातून गेलेला कंटेनर परत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीच्या तोंडात मारील असा असतो. दर कमी करून व्यवहार मिटवला गेला आणि पुढचा करार खरेदीदाराने ‘पाहू’ या सदरात टाकला. हा करार म्हणजे बँकेपुढील तारण होते. हंगाम सुरू होण्यापूर्वी केंद्राला फळांच्या रोख खरेदीसाठी कर्ज काढावे लागते, आणि ते कर्ज निर्यात कराराच्या भरवशावरच मिळते. एक किलो हिरव्या कॉफीला सहा ते सात किलो फळे लागतात. राष्ट्रीय कृषी निर्यात विकास मंडळाने 2024 साठी फळांचा किमान दर किलोला 480 फ्रँक ठरवला होता. म्हणजे किलोभर कॉफीमागे नुसत्या फळांचेच सुमारे 3,000 फ्रँक आधी मोजावे लागणार होते, तेही शेतकऱ्याच्या हातात, रोख.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीत संचालक मंडळाच्या सलग बैठका झाल्या. अध्यक्षबाई स्वतः कॉफी पिकवणाऱ्या होत्या, व्यवस्थापक किगालीत शिकलेला तरुण होता, आणि दोघांत उघड वाद नसला तरी दृष्टिकोनातले अंतर स्पष्ट होते. चार मार्ग चर्चेला आले.

पहिला फवारणीचा. रवांडाच्या उत्तरेला, ज्वालामुखींच्या पायथ्याशी, पायरेथ्रमची लागवड होते. शेवंतीच्या कुळातील या फुलांपासून बनणारे कीटकनाशक देशातच मिळते आणि कॉफीवर वापरलेही जाते. परंतु ते उन्हात लवकर निष्प्रभ होते, पाऊस आला तर धुऊन जाते, आणि एका शेतकऱ्याने फवारले पण शेजाऱ्याने नाही, तर कीड बांध ओलांडून परत येते. शिवाय फळे भरण्याचा काळ, म्हणजे फवारणीची योग्य वेळ, जवळपास उलटून गेलेली होती.

दुसरा छाटणीचा. दाट, अंधाऱ्या झाडांत ही कीड सुखाने नांदते, झाड मोकळे केले की तिला आसरा उरत नाही. केंद्राच्या कृषी पर्यवेक्षकाचा सारा भर यावर होता. त्याचे म्हणणे बरोबर होते, पण छाटणी तोडणीनंतर जुलै-ऑगस्टमध्ये करायची असते, आणि आता फेब्रुवारी होता.

तिसरा मार्ग दारातच गाळणी लावण्याचा. किडीने भोसकलेली बरीच फळे हलकी होतात आणि पाण्यावर तरंगतात. बरीच होतात, सगळी नाहीत, हे पुढे महत्त्वाचे ठरले. शेतकऱ्याने आणलेली फळे हौदात सोडायची, तरंगणारी परत करायची, आणि उरलेल्यांतून हिरवी, अर्धवट पिकलेली व डागाळलेली फळे त्यानेच मांडवावर निवडून काढल्याखेरीज वजनकाट्यावर घ्यायची नाहीत.

चौथा मार्ग कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण तो प्रत्येकाच्या मनात होता. चढ्या दराचा नाद सोडून सर्वसाधारण प्रतीचा माल विकावा आणि शांत झोपावे. माझ्या मते हा पर्याय तितकासा हास्यास्पद नव्हता. बाजार वर जात असताना साधा मालही बरा भाव देतो, आणि या भागातील काही केंद्रे त्याच हिशेबावर चालतात. अध्यक्षबाईंनी मात्र तो एका वाक्यात फेटाळला. उभारीच्या काळात ज्या सभासदांनी डोक्यावरून विटा वाहून हे केंद्र बांधले, त्यांच्यापुढे असा ठराव आपण मांडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

तिसरा मार्ग स्वीकारला गेला, आणि तो सर्वांत कडक स्वरूपात. व्यवस्थापकाने खरेदीदाराला पत्र लिहून ही पद्धत कळवली, त्या बळावर करार पूर्वीपेक्षा लहान का होईना पण झाला, आणि कर्ज मंजूर झाले. येथवर निर्णय यशस्वी वाटत होता.

मार्चच्या मध्यावर पावसाची झड लागलेली असताना तोडणीने वेग घेतला. दीड-दोन तास डोंगर उतरून, डोक्यावर टोपली आणि पाठीवर मूल घेऊन आलेल्या बाईला दारावरच सांगितले जाऊ लागले की टोपलीचा एवढा भाग घेतला जाणार नाही. परत केलेल्या फळांचे तिने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ती फळे घरी नेण्यात अर्थ नव्हता आणि रस्त्यात फेकण्याइतकी ती कोणाला स्वस्त वाटत नव्हती. निवडण्यासाठी मांडव अपुरे होते, त्यामुळे अंधार पडेपर्यंत रांग लागे, आणि अंधारात लाल आणि तपकिरी यांतला फरक कोणाला दिसणार?

दोन आठवड्यांत रांग आखूड होत गेली. व्यवस्थापकाने प्रथम याचा अर्थ ‘शेतकरी आता घरूनच निवडून आणतात, म्हणून वेळ वाचतो’ असा लावला. खरे कारण डोंगराच्या पलीकडे होते. तेथील खासगी केंद्राचे सायकलवाले दलाल संध्याकाळी वाड्या-वस्त्यांवरच येऊन, न निवडलेली फळे किमान दराने, सरसकट, जागेवर पैसे देऊन उचलत होते. झोनबंदी असताना हे उघडपणे करता आले नसते. आता त्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. ज्या सभासदांनी आपल्याच संस्थेऐवजी दलालाला फळे दिली त्यांना दोष देणे सोपे आहे, आणि बैठकीत तो दिलाही गेला. पण शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. त्याच दराने विकायचे असताना एका ठिकाणी तीन तासांची पायपीट, निवडणी आणि नकार, आणि दुसऱ्या ठिकाणी दारात पैसे. संस्थेने जादा श्रम मागितले, पण त्या श्रमाचे मोल काही ठेवले नाही.

हंगाम संपला तेव्हा केंद्राची आवक लक्षणीय घटलेली होती. पल्पर, पाणी, पहारेकरी आणि व्याज यांचा खर्च मात्र आवक घटली म्हणून घटत नाही. माल चांगला निघाला, करार जेमतेम पुरा झाला, आणि दुसरा हप्ता, म्हणजे हंगामानंतर नफ्यातून सभासदांना मिळणारी रक्कम, नाममात्र राहिला. त्यातही एवढे सोसून बटाट्याचा दोष नाहीसा झाला नव्हता. किगालीच्या चाचणीत मालाच्या काही तुकड्यांमध्ये तो पुन्हा सापडला, कारण जड असूनही भोसकलेली फळे हौदाच्या तळाशी गेलेली होती.

चव दाखवण्याचा प्रसंग

ऑगस्टमध्ये जे घडले ते योजनेचा भाग नव्हते. कृषी पर्यवेक्षकाने किगालीहून दोषी तुकडीतील थोडी भाजलेली कॉफी आणली होती आणि सभेच्या दिवशी, काहीशा रागानेच, ती सभासदांसमोर कुटून त्यांच्या नाकाखाली धरली. जमलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात आपल्या झाडाची कॉफी प्यायलेली नव्हती. रवांडात दूध आणि चहाच अधिक प्यायला जातो आणि कॉफी ही विकण्याची वस्तू मानली जाते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वास घेऊन विचारले, “हा तर इबिरायीचा वास. यात वाईट काय आहे?” इबिरायी म्हणजे बटाटे, आणि बटाटा तेथे आवडीने खाल्ला जातो. सभा हसली. मग त्याच शेतकऱ्याच्या हाती चांगल्या तुकडीची कुटलेली कॉफी दिली. त्याने दोन्ही पुन्हा हुंगल्या, बराच वेळ काही बोलला नाही, आणि नंतर त्याने विचारले की ही वाईट वासाची फळे कोणत्या टेकडीवरून आली होती.

हा प्रश्न मला या संपूर्ण प्रकरणाचा मध्यबिंदू वाटतो, कारण त्याचे उत्तर केंद्राला देता येत नव्हते. दिवसभराची सगळी फळे एकाच टाकीत जात होती. कोणत्या वस्तीवर कीड जास्त आहे, कोणाच्या झाडांची छाटणी आधी व्हायला हवी, हे सांगू शकणारी एकमेव खूण रोज संध्याकाळी पल्परमध्ये एकत्र मिसळली जात होती.

दुसरा हंगाम: बदललेली योजना

2025 साठी चार बदल झाले, आणि ते एकाच वेळी झाले.

टेकड्यांनुसार तुकड्या वेगळ्या ठेवण्याचे ठरले. यासाठी नवे यंत्र लागले नाही. टाक्या आलटून-पालटून वापरल्या, मांडवांवर पाट्या लावल्या आणि एक वही घातली. प्रत्येक तुकडीची चव वेगळी तपासायची आणि दोष आढळला तर छाटणीचे पथक पहिल्यांदा त्याच टेकडीवर पाठवायचे, असा नियम केला. पथक गावातील तरुणांचे होते आणि मजुरी संस्थेने दिली. सभासदाने नुसती संमती द्यायची होती. छाटलेल्या फांद्या आणि बुंध्याशी अंथरलेले आच्छादन यामुळे झाडांचे रूपच बदलले, इतके की काही जणांनी ‘आमची झाडे बोडकी केलीत’ म्हणून तक्रारही केली.

हौद आणि निवडणीचे मांडव दारातून उचलून वाड्यांजवळच्या संकलन ठिकाणी नेले. शेतकरी दिवसाउजेडी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत फळे निवडू लागला, आणि निवडलेला माल संस्थेच्या वाहनाने केंद्रावर येऊ लागला. तरंगणारी फळे परत करणे थांबवून ती कमी दराने, पण रोखीने विकत घेतली, आणि ती वेगळी प्रक्रिया करून साध्या प्रतीत विकली. याच बदलाने सर्वांत जास्त मने जिंकली.

निवडलेल्या फळांना किमान दरापेक्षा थोडा अधिक दर जागेवरच मिळू लागला. दुसरा हप्ता पुढे कधीतरी मिळणार आहे, या आश्वासनावर आधीच्या वर्षी सगळा डोलारा उभा होता. तो मोडून पैशाचा एक भाग हंगामातच देण्याचे ठरले. व्यवस्थापकाचा याला विरोध होता, कारण हंगामाच्या अखेरीस भाव कोसळला तर ही रक्कम संस्थेच्याच अंगावर येणार होती. त्याची भीती अनाठायी नव्हती.

चौथा बदल केंद्रातच झाला. ओल्या पार्चमेंटमधून दोषी दाणे निवडण्याचे काम बायका करतात, आणि हे काम सावलीत, दाणा ओला असतानाच करावे लागते, कारण ओल्या टरफलातून आतले डाग दिसतात, वाळले की ते झाकले जातात. मजुरी किलोवर होती. जितका माल पुढे सरकेल तितके पैसे, म्हणजे नीट निवडणारीचेच नुकसान. ती दिवसावर आणली. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षे कोणाला का सुचली नाही, याचे आश्चर्य वाटते. खरे तर ती त्या बायकांना सुचलेली होती, त्यांना कोणी विचारले नव्हते.

परिणाम

2025 मध्ये आवक पुन्हा वाढली, दलालांकडे जाणारी फळे कमी झाली, आणि खरेदीदाराने करार पूर्वीच्या आकाराच्या जवळ नेला. बटाट्याचा दोष पूर्णपणे गेला नाही. पण तो दोन टेकड्यांच्या तुकड्यांत एकवटलेला आढळला, आणि त्या तुकड्या चढ्या दराच्या मालात मिसळण्यापूर्वी बाजूला काढता आल्या. पूर्वी एका टेकडीचा दोष सगळ्यांच्या माथी बसत असे, आता नुकसान तेवढ्यापुरते राहिले.

मात्र या यशाचे श्रेय वाटताना सावध राहावे लागेल. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला 4 डॉलरच्या वर गेला होता, आणि रवांडातील किमान दरही त्या हंगामासाठी 600 फ्रँकवर नेण्यात आला. अशा वर्षी जागेवर थोडा अधिक दर देणे ही फारशी शौर्याची गोष्ट नव्हती, कारण ते पैसे देणे संस्थेला परवडत होते. भाव निम्म्यावर आला असता तर हीच योजना टिकली असती का, हे या हंगामावरून सांगता येत नाही. शिवाय छाटणी, तुकड्या, संकलन ठिकाणे आणि मजुरी हे चारही बदल एकदम झाल्याने त्यांतील कोणता किती उपयोगी पडला, हेही वेगळे काढता येत नाही. छाटणीचा खरा परिणाम तर एका वर्षात दिसायचाच नसतो.

निर्णयांची फेरतपासणी

फेब्रुवारी 2024 च्या निर्णयात उद्देश चुकीचा नव्हता. दारावर निवडणी हवीच होती. चूक झाली ती खर्च कोणी सोसायचा हे न ठरवता नियम लागू करण्यात. खरेदीदाराने तोटा संस्थेवर ढकलला, संस्थेने तो शेतकऱ्यावर, आणि शेतकऱ्याकडे तो पुढे ढकलण्यासाठी दलाल होता. झोनबंदी असती तर हा ताण दबून राहिला असता आणि कदाचित कोणाच्या लक्षातही आला नसता.

टेकडीवार तुकड्यांची वही 2024 च्या मार्चमध्येच सुरू करता आली असती, कारण तिला जवळपास खर्च नव्हता. तसे झाले असते तर त्याच जुलैत छाटणीचे पथक योग्य टेकडीवर पोहोचले असते आणि एक पूर्ण वर्ष वाचले असते. आवक कमी होताना दिसत होती तेव्हा सायकलवाल्यांविषयी गावात विचारणा करायला एक संध्याकाळ पुरली असती. व्यवस्थापकाने घटीचे कारण आकडेवारीच्या तक्त्यात शोधले, आणि तक्त्यात सायकली दिसत नाहीत.

काही प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत. दोषी ठरलेल्या दोन टेकड्यांवरील सभासदांना आता कमी दर द्यायचा का, यावर संचालक मंडळात एकमत नाही. अध्यक्षबाईंचे म्हणणे असे की कीड शेतकऱ्याने पाळलेली नाही. पर्यवेक्षकाचे म्हणणे असे की त्यांपैकी काहींनी छाटणीला संमतीच दिली नव्हती. ऑक्टोबरच्या बैठकीत यावर मतदान व्हायचे होते, ते पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आले आहे, आणि तोवर त्या दोन टेकड्यांची पाटी मांडवावर तशीच टांगलेली आहे.